हिर्डोशीच्या अंबूबाईचा इंग्रजी अर्ज

अलंकार नुसते पाठ करायचे नाहीत, वापरायचे, असं गंगाधरपंतांनी ज्या रविवारी ठरवलं, त्याच रविवारी त्यांच्या घरी आमटी तीनदा खारट झाली. (आमटी एकच होती. मीठ तीनदा पडलं.)

त्याचं असं झालं. पंत भोरच्या एका कचेरीत सात वर्षं कारकून होते आणि सातही वर्षं हंगामी होते. कायम व्हायचं तर इंग्रजीचा पेपर सुटायला हवा. हा पेपर कचेरीचे मुख्य आनंदराव स्वतः काढत आणि स्वतःच तपासत. आनंदरावांना सगळे रावसाहेब म्हणत. ते पुण्याहून बी.ए. होऊन आले होते आणि इंग्रजी वक्तृत्वाचा त्यांना भारी शौक. त्यामुळे पेपरात व्याकरण चिमूटभर आणि 'अलंकार व मन वळवण्याच्या युक्त्या' पसाभर असत. पंत दोनदा आपटले होते. पहिल्या वेळी त्यांनी हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, ही एक ग्रीक देवता असल्याचं लिहिलं. दुसऱ्या वेळी, 'अधिकाऱ्यांचं मन वळेल असा मजकूर लिहा' या प्रश्नाला त्यांनी 'मन वळवावे ही विनंती' एवढंच उत्तर दिलं.

"यंदा तिसरी खेप," रावसाहेबांनी बजावलं होतं. "नाही सुटलात तर जागा दुसऱ्याला. माझा नाइलाज आहे."

जागेपेक्षाही पंतांना बोच होती ती वेगळीच. त्यांची बायको मालिनीबाई, माहेर वेल्ह्याचं. दर दिवाळीला सासऱ्यांचं पत्र येई आणि त्यात शेवटची ओळ असे, 'जावईबापू कायम झाले काय?' सहा दिवाळ्या मालिनीबाईंनी उत्तर पाठवलं, 'यंदा होतील.' गेल्या दिवाळीला त्यांनी त्या ओळीला उत्तरच दिलं नाही. तेवढी जागा कोरी सोडली. पंतांनी ते पत्र टपालात टाकण्याआधी चोरून वाचलं होतं, आणि ती कोरी जागा त्यांच्या काळजाला लागून राहिली होती.

म्हणून या वेळी त्यांनी पुण्याहून एक जुनं गाईड मागवलं. त्यात मन वळवण्याची पाच हत्यारं दिली होती. पहिलं, उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न. गाईड म्हणे, असा प्रश्न टाकला की ऐकणारा निरुत्तर होतो.

पंतांनी चुलीपाशी जाऊन टाकला. "ज्या घरात नवऱ्याला सकाळी दुसरा चहा मिळत नाही, त्याला घर म्हणायचं काय?"

निरुत्तर व्हायला मालिनीबाईंना माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. "नका म्हणू," त्या म्हणाल्या. "पण मग पहिला प्यालात तो कुणाकडं?"

पंतांनी वहीत लिहिलं, 'परिणाम अनिश्चित.' दुसरं हत्यार पुनरुक्ती. ते त्यांनी जेवताना काढलं. "आमटी अळणी आहे. अळणी आहे, मालिनी! अळणी आहे!" माउलीनं दर 'अळणी'ला एकेक चमचा मीठ घातलं. मग पंतांना तिसरं हत्यार, अतिशयोक्ती, वापरायची संधी आपसूकच मिळाली. "या आमटीपुढं रत्नागिरीचा समुद्र गोड," ते म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक झाला नाही. (वहीत: 'परिणाम ताबडतोब.')

चार दिवसांनी मालिनीबाईंनी हात जोडले. "अहो, काय ते कागदावर करा. माणसांवर नको."

पुढच्या रविवारी पंतांनी कागदावर केलं. गाईडाच्या शेवटी सराव दिला होता: 'एखाद्या पीडित व्यक्तीच्या वतीने अर्ज लिहून अधिकाऱ्यांचे हृदय हेलावून सोडा.' पंतांनी पीडित व्यक्तीसाठी गाव निवडलं हिर्डोशी. का, तर ते लांब वरंध्याच्या घाटाकडं, पंत कधी गेलेले नाहीत, तिथलं कुणी भोरात ओळखीचं नाही. तिथं त्यांनी एक विधवा बसवली, तिचं नाव ठेवलं अंबूबाई, आणि तिच्या घरापुढच्या ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून नेला.

मग मात्र त्यांचा हात थांबेना. अर्जात ओढा उसळून आभाळाला भिडला. सात गावं एकदम रडू लागली आणि त्या आसवांनी ओढ्याला आणखी पूर आला. रात्री वाघ काठावर येई आणि साकव नाही म्हणून उपाशी परत जाई. (वाघ परत गेला तर गावाचं भलंच झालं, हे पंतांच्या ध्यानात आलं नाही. करुणरसात एवढं बघत नाहीत.) शेवटी त्यांनी उत्तराची अपेक्षा नसलेले दोन प्रश्न लागोपाठ सोडले: विधवा माणूस नव्हे काय? सरकारला आई नाही काय?

वाचून पंतांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद पाटावर वाळत ठेवला आणि भरल्या अंतःकरणानं आडवे झाले.

ते घोरत असताना मालिनीबाई ताकाचं भांडं घेऊन तिथून चालल्या होत्या. पदर पाटाला अडकला आणि निम्मं ताक अंबूबाईवर सांडलं.

आता ती बिचारी घाबरली. परीक्षा सहा दिवसांवर, नवऱ्यानं सकाळभर खपून लिहिलेला कागद, आणि शाई ताकात विरघळतेय. मालिनीबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्यांच्या हातात रांगोळी होती. कसलीही नक्षी एकदा डोळ्यांखालून गेली की त्या जशीच्या तशी उतरवत. त्यांनी टाक घेतला, दौत घेतली आणि शाई पुरती पसरायच्या आत ती सगळी इंग्रजी नक्षी कोऱ्या कागदावर उतरवून काढली. एके ठिकाणी शाईचा ठिपका पडला, त्याचं कमळ केलं. ओला कागद चुलीत गेला. नव्या कागदाला सुरकुती पडू नये म्हणून त्यांनी तो पंतांच्या कचेरीच्या दप्तरात दाबून ठेवला, आणि संध्याकाळी पाहुणे आले त्या गडबडीत त्यांचं सांगायचं आणि पंतांचं विचारायचं राहून गेलं.

सोमवारी पंत दप्तर टेबलावर ठेवून टोपी खुंटीला लावायला वळले. गेनबा पट्टेवाला रिवाजाप्रमाणं पुढं झाला. कचेरीत त्याची तीस वर्षं गेली होती. वाचता येत नसे, पण कोरा नसलेला कागद दिसला की तो त्यावर शिक्का मारी, आवक नंबर घाली आणि रावसाहेबांपुढं नेई. पंत वळले तेव्हा शिक्के पडून गेले होते, आणि वरच्या कागदावर अंबूबाईचं नाव होतं.

"गेनबा, थांब! तो वरचा कागद माझा आहे!"

गेनबानं कागद लांब धरून बघितला. "तुमचा न्हाई, पंत. आसलं अक्षार तुमचं? सात वर्सं बघतुया मी."

पंतांनी डोकावून पाहिलं. शब्द न् शब्द त्यांचा होता आणि अक्षर भलत्याच कुणाचं, मोत्यांसारखं. क्षणभर त्यांना वाटलं, हिर्डोशीला खरोखरच अंबूबाई असावी आणि तिच्या घरीही हेच गाईड असावं.

"कुणाचंही असू दे. दे इकडं."

"नंबर पडला जी. एकशे चवदा. नंबर पडला का कागूद सरकारचा. मढं माघारी आनाल, पर कागूद न्हाई." आणि गेनबा आत गेला.

थोड्या वेळानं आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग पंतांना बोलावणं आलं. रावसाहेब चष्मा पुसत होते.

"गंगाधरपंत, हे ऐका. 'सरकारला आई नाही काय?' वा! आणि हे कमळ पाहा, काय संस्कार! असा माणूस तिकडं हिर्डोशीत कुजतोय आणि मी इथं तुमचं इंग्रजी वाचतोय! उद्याच निघा. साकवाचा पंचनामा करा, त्या माउलीचा जबाब आणा. आणि हा अर्ज लिहिणारा शोधून काढा. शनिवारी तुम्ही सुटला नाहीत तर कायमची जागा मी त्याला देणार."

म्हणजे पंतांना आपल्याच जागेवर बसवायला आपल्यालाच शोधून आणायचं होतं. बोलावं तर बनावट अर्ज, म्हणजे सरळ बडतर्फी. पंत "बरं साहेब" म्हणाले. हे मात्र ते सात वर्षं उत्तम म्हणत आले होते.

घरी सगळा उलगडा झाला. मालिनीबाईंनी ताकाची हकिगत सांगितली आणि त्या रडायलाच लागल्या. "माझ्यापायी नोकरी जाईल का हो?"

"छे गं," पंत म्हणाले. "तुझ्यापायी अक्षराची तारीफ झाली. सात वर्षांत पहिल्यांदा." असं म्हणून त्यांनी भाकऱ्या बांधून घेतल्या, पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

मंगळवारी पंत आणि गेनबा बैलगाडीनं निघाले, जिथं गाडीवाट संपली तिथून पायी, आणि मुक्काम करून बुधवारी हिर्डोशीला पोचले. वाटेत पंतांनी बेत पक्का केला. गावात विचारायचं, अशी बाई आहे का? नाही म्हणतील. साकव होता का? नाही म्हणतील. 'अर्जदार मिळून येत नाही' असा शेरा मारायचा, की एकशे चौदा नंबर मिटला.

गावचे पाटील सावळाराम पारावर होते. पंतांनी विचारलं, "इथं अंबूबाई नावाची कुणी विधवा राहते का हो?"

"कंची?" सावळाराम म्हणाले. "वरल्या आळीची, खालच्या आळीची, का वढ्याकाठची?"

"विधवा," पंत पुन्हा म्हणाले.

"तिघीबी."

"आणि... साकव?"

"गेला की! दोन पावसाळं झालं. तुमास्नी कुनी सांगितलं?"

पंतांनी गेनबाकडं पाहिलं. गेनबानं अशा तोंडानं पाहिलं की जणू शिक्का मारतानाच त्याला हे ठाऊक होतं. गावात बातमी पसरली की इंग्रजीतनं अर्ज गेलाय आणि सरकारी माणूस आलाय. माणसं जमली. पंतांनी विचारलं, "अर्ज कुणी लिहिला?"

गाव हुशार. अर्जामुळं साकव होणार म्हटल्यावर तो नाकारतो कोण? सावळाराम म्हणाले, "आमीच क्येला. कुनी ल्हिला त्ये काडू नका. द्येवानं ल्हिला म्हना."

पंचनाम्यासाठी ओढ्याची रुंदी मोजायची होती. पंत धोतर खोचून धोंड्यांवरून निघाले, तिसऱ्या धोंड्यावर पाय सरकला आणि ते कमरेपर्यंत आत गेले. गेनबानं त्यांना काढलं. कोटाच्या खिशातलं गाईड मात्र पाचही हत्यारांसह नीरा नदीकडं निघून गेलं. (ओढा आभाळाला भिडत नव्हता. पण पंतांच्या उंचीच्या माणसाला पुरत होता.)

काठावर ओढ्याकाठची अंबूबाई बसली होती. साठीची, वाळकी बाई. तिनं पंतांना पुसायला आपलं फडकं दिलं. पंतांनी कुडकुडत कागद काढला. मनातून त्यांना वाटत होतं, आता ही रडेल, छाती पिटेल, आणि निदान आपला अर्ज तेवढा खरा ठरेल.

"बाई, साकव नाही तर तुम्हाला काय त्रास होतो?"

"तरास कसला?" अंबूबाई म्हणाली. "लेक पल्याड दिलीया. त्ये बगा, आंब्याबुडी, त्ये तिचं घर. साकव व्हता तवा रोज जायाची म्या. आता वरनं कोसाचा फेरा पडतो, माजं गुडघं न्हाई चालत. मंग सकाळच्याला हितं येऊन बसते. तिच्या घरातनं धूर निगाला का समजायचं, उठली, चूल प्येटली, बरी हाय."

"आणि धूर निघाला नाही तर?"

"मंग बसते, निगंस्तवर."

पंतांनी ओढ्यापलीकडच्या आंब्याकडं पाहिलं, आणि आपल्या उपाशी वाघाची त्यांना अशी लाज वाटली की कान तापले. हिनं एक अलंकार घातला नव्हता. उलट तरास कसला म्हणत होती. पंतांनी तिचं बोलणं आठ ओळींत जसंच्या तसं उतरवलं. अर्जदार कोण याचा वाद नको म्हणून तिन्ही अंबूबाईंनी खाली अंगठे उठवले.

शनिवारी परीक्षा झाली. प्रश्न होता, 'एका गावासाठी विहीर मागणारा अर्ज लिहून अधिकाऱ्यांचे मन वळवा.' पंतांनी हत्यारं आठवून पाहिली. गाईड वाहून गेलं होतं आणि डोळ्यांपुढं आंब्याखालचं घर येत होतं. त्यांनी लिहिलं: गावात विहीर नाही. बायका कोसभर जाऊन पाणी आणतात. म्हाताऱ्यांना चालवत नाही. सून येईपर्यंत त्या तहानेल्या बसतात. एवढंच लिहून त्यांनी पेपर दिला. चांगला पेपर गेल्यासारखं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं.

आठ दिवसांनी रावसाहेबांनी बोलावलं. पुढ्यात पेपर होता आणि त्यावर तांबड्या शाईचा भलामोठा भोपळा.

"हे काय, गंगाधरपंत? ही काय वाण्याची यादी आहे? एक उपमा नाही, एक प्रश्न नाही, सरकारच्या आईचं नाव नाही! तुमचा पंचनामाही असाच कोरडा. साकव मी मंजूर केलाय, पण तो त्या अर्जावर. बरं, तो लिहिणारा सापडला?"

साकव मंजूर झाला हे ऐकून पंतांना आधी आनंदच झाला. मग जागेचं आठवलं. नोकरी तशीही चाललीच होती. निदान खरं बोलून जावी, असा त्यांनी विचार केला.

"साहेब, तो अर्ज मीच लिहिला."

रावसाहेबांनी भोपळ्याकडं पाहिलं, मग पंतांकडं. "आणि अक्षर?"

"कुटुंबाचं."

"त्यांना इंग्रजी येतं?"

"एक अक्षर येत नाही."

"मग लिहिलं कसं?"

"रांगोळी काढतात तसं."

"पण का?"

"ताक सांडलं म्हणून."

रावसाहेब हसू लागले. आधी पोटातल्या पोटात, मग टेबल धरून. "हायपरबोली! अहो, हेच शनिवारी का नाही लिहिलंत? पैकीच्या पैकी दिले असते!" गेनबाला आत बोलावून त्यांनी त्यालाही ताकाची गोष्ट ऐकवली, आणि पंत रिकाम्या हातानं घरी आले.

मालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. या खेपेला त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. "सात वर्षं खोटं बोलला नाहीत, आणि खरं बोललात तर हसतात?" त्यांनी कोनाड्यातली काडेपेटी घेतली, टाक घेतला, आणि तिच्यावरचा सगळा इंग्रजी मजकूर, वरच्या हंसासकट, कागदावर उतरवून दिला. "उद्या हे दाखवा."

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी काडेपेटी आणि अंबूबाई शेजारीशेजारी ठेवल्या. तीच शेपटी, तोच फाटा, तेच वळण.

"गंगाधरपंत," ते हळूच म्हणाले, "मला सगळं समजलं. अर्ज तुमच्या कुटुंबानं लिहिला."

"नक्कल, साहेब. मजकूर माझा."

"पुरे. तुमचा मजकूर मी तीनदा तपासलाय." रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "अडल्या बायामाणसांसाठी एवढी कळकळ! आणि बाईमाणसाचं नाव कागदोपत्री यायला नको म्हणून 'इंग्रजी येत नाही' ही सबब. शोभतं हो तुम्हाला. सगळं शोभतं."

पंतांनी तोंड उघडलं. उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न टाकावा, पुनरुक्ती करावी, छाती पिटावी, असं सगळं मनात येऊन गेलं. मग त्यांनी ते मिटलं.

"अशा घरच्या माणसाला हंगामी ठेवणं कचेरीला बरं दिसत नाही," रावसाहेब म्हणाले. "आजपासून तुम्ही कायम. मात्र एक अट. महत्त्वाचा कागद असला की इथं हात लावायचा नाही. घरी न्यायचा."

त्या दिवाळीला वेल्ह्याला पत्र गेलं त्यात मालिनीबाईंनी दोनच शब्द लिहिले, 'कायम झाले,' आणि त्यावर इतकी आसवं गाळली की शाई पसरली आणि पुन्हा लिहावं लागलं. पंतांनी या वेळी पत्र चोरून वाचलं नाही. ते शेजारी बसून उघडउघड वाचत होते, आणि बायकोला मधूनच सांगत होते की अखेर आपल्या कष्टांचं चीज झालं. कचेरीतल्या नोंदवहीत रावसाहेबांनी काय लिहिलंय, ते मात्र त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. तिथं गंगाधरपंतांच्या नावापुढं, शेऱ्याच्या रकान्यात, तांबड्या शाईनं लिहिलेलं होतं: 'इंग्रजी : स्वतःचे बेताचे, घरचे उत्तम.'